खालच्या गल्लीचा वीर

सुषमा भदाणेने आयुष्यातला पहिला मोठा मार खाल्ला तो नाचण्यावरून. नुकतीच शाळेत जायला लागली होती. सुरतेत, बमरोलीतल्या त्यांच्या खोलीच्या पलीकडे गुजराती सोसायटी होती, तिथे नवरात्रात गरबा चालायचा. सुषमा गर्दीत घुसली, मनसोक्त नाचली आणि घरी आली तेव्हा बाप, भिकन, कारखान्यातून येऊन बसला होता. त्याने कमरेचा पट्टा काढला. यंत्रमागाच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेले. पोर किती रडतेय हे त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे थांबायचं कधी हेही कळलं नाही. आई, तारा, मध्ये पडली तर तिच्याही पाठीवर वळ उठले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुषमा पुन्हा गरब्यात होती.

दुसरा मार नवऱ्याचा. भेस्तानच्या लोटूने तिला एका हळदीत नाचताना पाहूनच पसंत केलं होतं, आणि लग्नानंतर त्याच नाचाने त्याचं डोकं फिरायचं. ती एका खाजगी शाळेत गॅदरिंगचे नाच बसवायला जायची. एकदा तालमीला उशीर झाला. ती उंबऱ्यात आली, तसा लोटूने लोखंडी दरवाजा तिच्या पायावर ढकलला, आणि पुन्हा ढकलला. घोट्याचं हाड मोडलं.

"आता नाच," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

प्लास्टर निघाल्यावर ती आईकडे आली ती कायमची. घोटा जरा वाकडा बसला. उडी घेता येईना, गिरकी घेताना कळ यायची. मग तिने ठरवलं, पायाने पुरतं होत नाही तर डोक्याने करू. शाळेतली नोकरी चालू ठेवून बाहेरून परीक्षा दिल्या आणि चाळिशीला टेकताना नृत्याच्या एम. ए.ला नाव घातलं. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. विषय काय घेणार, असं मार्गदर्शक मॅडमनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "आमच्या घरचा वीर."

भदाणे मूळचे तापीकाठचे. त्यांच्या गावात ज्या घरातला कोणी पूर्वज मारला गेला असेल त्या घराच्या देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक असायचा. धुळवडीला घरातला एक पुरुष तो टाक हातात धरून, डोक्याला बाशिंग बांधून होळीभोवती नाचायचा. हाच वीर. प्रत्येक घराचा नाच वेगळा, कारण वीर कसा मेला ते नाचून दाखवायचं असायचं. कोणाचा वीर भाल्याने मेलेला, तो पोट धरून वाकायचा. कोणाचा नदीत बुडवून मारलेला, तो तोंड उघडून हवा ओढत लोळायचा. बघणाऱ्या बाया तेव्हा रडायच्या, जणू माणूस आत्ताच गेलाय. गावातली निम्मी घरं सुरतेला आली आणि मागांवर लागली, तशी वीरही सोबत आले. बमरोलीत कारखान्यांमागच्या मोकळ्या जागेत होळी पेटायची आणि दुसऱ्या दिवशी ढोलवाला दगा वाजवायला बसायचा.

सुषमाच्या घरचा वीर मात्र मरत नसे. भिकन टाक घेऊन नुसता गोल फिरायचा. त्याचा बाप त्याच्या लहानपणीच गेला, नाच शिकवायला कोणी उरलं नव्हतं. भिकन गेल्यावर मुलगा योगराज फिरायला लागला, आणि लोक टोमणे मारायचे, "भिकनना वीर मरसच नही. नुसता भवरा." योगराज मागावर काम करणारा, अंगाने आडदांड, डोक्याने तापट. दर धुळवडीला त्याची कोणाशी तरी हातापायी व्हायची. एकदा त्याने एकाचे दोन दात पाडले.

"ताई," त्याने तिला सांगून ठेवलं, "तुझी एवढी पुस्तकं आहेत. आपला वीर कसा मेला ते काढ. पुढल्या वर्षी मी दाखवतोच."

त्याने हे म्हटल्यापासून प्रबंध तिचा एकटीचा राहिला नाही.

शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात ती दर रविवारी जायला लागली. नाचावर शोध घ्यायचा तर आधी कोश, मग ग्रंथ, मग नियतकालिकांतले लेख, मग जुने प्रबंध, अशी उतरंड मॅडमनी आखून दिली होती. कोशांत मोठे शास्त्रीय नाच पानंच्या पानं पसरलेले, आणि लोकनृत्य म्हटलं की चार ओळींत सगळा देश गुंडाळलेला. संगणकावर तिने 'वीर' असं टाकलं तर सैन्याची, युद्धांची आणि पदकांची पुस्तकं धबाधबा आली. तिथे बसणाऱ्या हंसाबेन गालात हसल्या.

"बेन, एम नहीं मळे," त्या म्हणाल्या. "तमे जे बोलो छो ते नाम चोपडीवाळाने खबर न होय." तुम्ही ज्याला जे म्हणता ते नाव पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्याने कोणता शब्द वापरला असेल ते आधी ओळखायचं.

मग सुषमा शब्द बदलत गेली. होळी. पितर. अंगात येणं. खानदेशातले विधी. बाशिंग. एका शब्दातून दुसरा सापडे, एका लेखाच्या तळटिपेतून दुसरा लेख. हंसाबेन तळघरातून जुन्या मासिकांचे बांधीव खंड काढून देत. नाकात धूळ जाऊन शिंका यायच्या आणि शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं कपाळाला आठ्या घालायची.

थंडीच्या शेवटी ते सापडलं. कुणा शिक्षकाने लिहिलेला लेख, खाली गावाचं नाव, आणि 'येथील भदाणे यांच्या घरचा वीर' म्हणून अख्खा नाच उतरवलेला. पायांच्या आकृत्यासुद्धा होत्या. वीर खांद्यावर दोर टाकून विहिरीकडून येतो. मागून गुडघ्यावर वार बसतो, तो एका गुडघ्यावर पडतो. प्रतिकाराला हात उगारून मागे वळतो, आणि मारणाऱ्याला ओळखतो. ओळखल्यावर उगारलेला हात आपणहून खाली घेतो. मग मानेवर घाव. दोन्ही हातांनी मान घट्ट दाबून तो घराकडे चालायला लागतो, आणि दार यायच्या आत कोसळतो.

सुषमाचे डोळे भरून आले. तो खाली येणारा हात तिला समोर दिसत होता. तिने आकृत्यांची आणि वर्णनाची पानं तेवढी झेरॉक्स करून घेतली. लेखाच्या सुरुवातीला प्रवासाचं, पाहुणचाराचं पाल्हाळ होतं, त्यावरून तिने नुसती नजर फिरवली. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती आणि तिला योगराजला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

गच्चीवर तिने त्याला महिनाभर शिकवलं. एरवी हाणामारीत पटाईत असलेल्या योगराजला हात खाली घेणं जमेना.

"ओळखल्यावर तर जास्त हाणला पाहिजे ना, ताई."

"तू नाहीयेस तो. त्याने नाही हाणलं."

"येडाच होता मग."

पण होळीच्या आदल्या दिवशी त्याला जमलं. हात असा उतरला की बघत बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला.

धुळवडीला दगाने ढोल धरला. आधी दोन घरांचे वीर झाले. मग योगराज खांद्यावर दोर टाकून उतरला. त्याचा गुडघा टेकला तेव्हा गर्दीतला गलका थांबला. सुषमाला वाटलं, जिंकलो. तो वळला, त्याने हात उगारला, आणि हात खाली आला.

समोरच्या बाजूने एक म्हातारी धावत आत शिरली. प्रमिलाबाई. ती पण भदाणेच, त्याच गावची, पण खालच्या गल्लीची. सुषमाचं घर वरल्या गल्लीचं. आडनाव एक, पण चूल, देव, सोयरसुतक सगळं कधीचंच तुटलेलं.

"हाऊ नाच तुमना नही," प्रमिलाबाई योगराजच्या छातीवर बुक्क्या मारत म्हणाली. "आमना माणूसले परत मारं तुम्ही."

दुसऱ्याच्या वीराचं मरण कोणी नाचत नाही. परका असून जो नाचतो तो सांगत असतो, की मी ते जवळून पाहिलं, मारणारा मीच. खालच्या गल्लीचा माणूस भाऊबंदांपैकीच कोणीतरी मारला, हा संशय त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता. त्यांचा वीर तो नाच वर्षातून एकदा, आपल्या घरात, दार लावून नाचायचा. बाहेरच्यांना तो ठाऊकच नव्हता. आणि आज वरल्या गल्लीचा माणूस तो भर मैदानात नाचत होता.

योगराजने म्हातारीचे हात धरले. त्याला तिला बाजूला करायचं असेल. ती पडली. मग तिचा नातू दीपक आला, त्याच्या हातात मागाची लाकडी दांडी होती. पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोक्यावर. योगराजचं बाशिंग फुटलं आणि त्याच्या खालून रक्ताची चिळकांडी उडाली. तरी तो उठला. दीपकला त्याने गळ्याला धरून होळीच्या राखेत दाबला, राखेखाली निखारे होते, दीपकची पाठ भाजली, कातडीचा वास आला. दोन्हीकडचे लोक तुटून पडले. सुषमा भावावर आडवी पडली, तिच्या पाठीत, तोंडावर लाथा बसल्या. ढोल कोणीतरी उलटा केला. पोलिसांची गाडी आली तेव्हा कुठे माणसं पांगली.

योगराजच्या डोक्याला टाके पडले. कवटीला तडा आहे, डॉक्टर म्हणाले, पुन्हा तिथे मार बसला तर माणूस उठणार नाही. योगराज शुद्धीवर आला तो दीपकला संपवायची भाषा करतच. दीपकही पालथा पडून तीच भाषा करत होता. त्याच्या गल्लीतली पोरं कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायला लागली, योगराज कामावर यायची वाट बघत.

सुषमा रिक्षा करून ग्रंथालयात गेली. हंसाबेननी तिचा सुजलेला चेहरा पाहिला आणि काही न विचारता खंड आणून दिला. लेखाच्या सुरुवातीच्या त्या पाल्हाळात स्पष्ट लिहिलेलं होतं. खालच्या गल्लीतल्या भदाण्यांकडे तो शिक्षक उतरला होता, आजारी पडला, त्यांनी त्याची सेवा केली, आणि पाहुणा घरचाच झाला म्हणून दार लावून चाललेला नाच त्याला पाहू दिला. तो कोणाला दाखवत नाहीत, असंही त्याने लिहिलं होतं. लिहून मग छापलं होतं. सुषमाला त्याचा राग आला, आणि मग लक्षात आलं की त्याने निदान गल्ली तरी लिहिली होती.

तिथून ती थेट प्रमिलाबाईच्या दारात गेली. दीपकच्या आईने दार लोटून घ्यायला घेतलं, तोच आतून म्हातारी म्हणाली, "येऊ दे. पाहू दे तिच्या भावाने काय केलं ते."

दीपकच्या पाठीवर मलम थापलेलं होतं. सुषमा खाली जमिनीवर बसली.

"मोठी माय, नाच मी शोधला. पुस्तकात होता. आमचाच समजले. योगराजला काहीच माहीत नव्हतं."

"पुस्तकामा?" म्हातारी म्हणाली. "आमच्या घरचं मरण पुस्तकात?"

"हो."

प्रमिलाबाईने तिच्या फाडकन मुस्काटात मारली. सुषमाच्या तोंडात रक्ताची चव आली. ती हलली नाही.

"तुले कोणी सांगं शोधाले?" म्हातारी म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "याला दंड आहे. गावात एकदा झालंय माझ्या देखत. ज्याने मरण नाचलं, त्याने मारेकरी व्हायचं. रिंगणात उभं राहायचं, ढोलावर पाय चालू ठेवायचे. वीराच्या घरचं एकेक माणूस येतं, एकेक घाव घालतं. पाय थांबले नाहीत तर फिटलं. पडला तर नाही फिटलं. त्या माणसाचा डोळा गेला, पण फिटलं."

"आजी, त्याला येऊ दे," दीपक उशीत तोंड ठेवून म्हणाला. "माझा घाव मी डोक्यावरच घालणार. सांगून ठेवतो."

"त्याच्या डोक्याला तडा आहे," सुषमा म्हणाली.

"म्हणूनच."

रंगपंचमीच्या दुपारचा मुहूर्त ठरला. योगराजला हे कळलं तेव्हा तो चेकाळला. "जातो. बघू कोण मला पाडतो ते." आईने पाय धरले, त्याने ऐकलं नाही. वरल्या गल्लीचा माणूस भ्यायला, असं त्याला कोणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. मेलो तर आपल्या घरालाही मरणारा वीर मिळेल, असंही तो हसत म्हणाला. ते हसणं ऐकून सुषमाने ठरवलं.

पंचमीला तिने त्याच्या जेवणानंतरच्या गोळ्यांत झोपेची एक गोळी जास्तीची दिली, बाहेरून कडी घातली आणि ओढणी कमरेला बांधून मैदानात गेली.

रिंगण तयार होतं. दीपक सदरा न घालता उभा, पाठीवर पट्ट्या. त्याचे दोन काका. प्रमिलाबाई बाजेवर बसलेली. दगा ढोल घेऊन बसला होता आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटतंय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"भाऊ कुठंय?" दीपक म्हणाला. "बहिणीला पाठवलं?"

"शोधलं मी, शिकवलं मी," सुषमा म्हणाली. "त्याने फक्त पाय टाकले. मरण मी आणलं, तर मारेकरी मी."

"बाई रिंगणात नसते," एक काका म्हणाला.

"बाई पुस्तकात शोधायलाही नसते. तरी शोधलं ना?"

काका एकमेकांकडे बघायला लागले. बाईवर हात टाकायचा, तोही चारचौघांत ठरवून, ही गोष्ट त्यांना अडचणीची होती. घरात एवढी नसती झाली. दीपकने दांडी खाली टेकवली. आणि तेव्हा सुषमाला कळलं, की यांनी दया दाखवून तिला घरी पाठवलं तर काहीच फिटणार नाही, उद्या फाटकावर पोरं असतीलच.

"मोठी माय," ती म्हणाली, "घ्या ना काठी. त्या दिवशी चांगली मारली होतीत."

प्रमिलाबाई बाजेवरून उठली. नातवाच्या हातून दांडी घेतली. "दगा, वाजव," ती म्हणाली.

सुषमाने पाय टाकायला सुरुवात केली. साधाच ठेका, पुढे, मागे, बाजूला. वाकड्या घोट्यातून कळ गेली. म्हातारी तिच्याभोवती अर्धा फेरा चालली आणि तिने दांडी दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घातली. सुषमाच्या तोंडून हुंकार निघाला. पाय चालू राहिले.

मोठ्या काकाने मान वळवून पाठीवर मारली, मारल्यासारखी केली. प्रमिलाबाई त्याच्यावर खेकसली, "असा मरतो का माणूस?" तेव्हा धाकट्याने नीट मारली. कमरेखाली, मांडीवर. पाय लुळा पडला, सुषमा त्याच पायावर पुढे झुकली, हात जमिनीला टेकता टेकता वर आली. दगाने ठेका संथ केला होता, तिच्यासाठी. "संथ नको," ती दात आवळून म्हणाली, "मघासारखा."

दीपक समोर आला. नेमका त्याच वेळी गर्दीच्या मागून योगराज आला. दाराची कडी उचकटून, डोक्याला पट्टी, हातात घरातली तलवार, जी फक्त दसऱ्याला बाहेर निघायची. लोक बाजूला झाले.

"ताई, हो बाजूला."

"योग्या, एक पाऊल टाकलंस तर मी जाणूनबुजून पडेन," सुषमा नाचत नाचत म्हणाली. श्वास तुटत होता. "मग नाहीच फिटणार. कधीच नाही. बस खाली."

तो जागीच थांबला. मग हळूहळू तो खाली उकिडवा बसला, तलवार मातीत ठेवली आणि दोन्ही हात कानांवर धरले.

दीपकने हे सगळं पाहिलं. दांडी डोक्याच्या उंचीला नेली. सुषमाने त्याच्याकडे बघितलं आणि हात उगारला नाही, मान चुकवली नाही. दांडी खाली आली ती गळ्याखालच्या हाडावर. हाड मोडल्याचा आवाज ढोलाच्या वरून सगळ्यांना ऐकू गेला. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. डावा हात लोंबला. पाय, दोन्ही दुखरे पाय, मातीत घासत, सरकत, पुढे, मागे, बाजूला.

"फिटलं," प्रमिलाबाई म्हणाली.

दगाने ढोल थांबवला. सुषमाचे पाय त्यानंतरही थोडे चालले. मग म्हातारीने पुढे होऊन तिला धरलं, आणि दोघी एकदमच खाली बसल्या.

"रिक्षा बघ," म्हातारी दीपकला म्हणाली. "उभा काय राहिलास?"

रिक्षात मागे योगराज आणि सुषमा, पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या ढुंगणावर दीपक, पाठ कुठेच टेकू न देता. उधन्याच्या रस्त्यावर गर्दी होती, चेहऱ्याला रंग लावलेली पोरं गाड्या थांबवत होती. खड्डा आला की सुषमा कण्हायची आणि दीपक न वळता ड्रायव्हरला शिव्या घालायचा.

योगराज दात-ओठ खात बसला होता. शेवटी म्हणाला, "मला गोळी देतेस? घरी चल, तुला फोडून काढतो."

"आज नको," सुषमा डोळे मिटून म्हणाली. "आज जागा नाही अंगावर."

दीपकच्या खांद्यांना हिसका बसला. तो हसला, की त्याची पाठ दुखली, हे मागून कळलं नाही. थोड्या वेळाने त्याने हात मागे करून गळ्यातला गमछा काढून दिला.

"हात गळ्यात बांध तिचा," तो योगराजला म्हणाला. "लोंबतोय तो."

योगराजने गमछ्याकडे पाहिलं. मग घेतला, आणि बांधायला लागला. त्याला गाठ नीट मारता येत नव्हती.